बल्लीवरची झावळी

"आणि हिला तर मुळीच नाही," तो तरुण फ्रेंच अधिकारी आवाज खाली आणून म्हणाला, आणि हनुवटीनं त्यानं हिनावाईकडे खूण केली.

हिनावाई बापाचं जेवण घेऊन बांधकामावर आली होती. भात, विकतच्या डब्यातलं मांस आणि वर नारळाचं दूध. सहावा महिना सरत आला होता, त्यामुळे होडीतून उतरून वाळूतून चालताना एक हात कमरेवर. तेमाउरीनं मुलीकडे पाहिलं, मग अधिकाऱ्याकडे पाहिलं. तेमाउरीला फ्रेंच यायची ती बांधकामावरची: सिमेंट, वाळू, लवकर, उद्या, गाढवांनो. पण हा पोरगा सावकाश आणि सोपं बोलत होता, त्यामुळे सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं, असं तेमाउरीला वाटलं.

अधिकाऱ्याच्या गळ्यात एक डबा लटकत होता. तो किनाऱ्यावरच्या वाळूशी नेला, शिंपल्यांच्या ढिगाशी नेला, की टकटक करायचा. चारच दिवसांपूर्वी पहाटे पश्चिमेला, मोरुरोआच्या बाजूला, आभाळ उजळलं होतं. दुपारी वारा फिरला आणि आमच्या तौरेका बेटावर एक सर येऊन गेली. त्यानंतर हा माणूस जहाजातून उतरला होता. म्हणणं एवढंच, की बांगडीसारख्या गोल बेटाच्या आतल्या खाऱ्या तळ्यातला मासा खायचा नाही, शिंपले खायचे नाहीत. प्यायचं पाणी पिंपांतून उतरवून ठेवलंय. बाहेरच्या खोल समुद्रातला मासा चालेल.

"कधीपर्यंत?" तेमाउरीनं विचारलं.

"आम्ही सांगू तोपर्यंत. तुम्ही गावाला समजावून सांगा. तुमचं ऐकतात म्हणे."

एवढं बोलून तो होडीत बसला आणि जहाज गेलं. तेमाउरीनं जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. हिनावाईचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर ती जी घरात बसली ती वर्षभर हसली नव्हती. आता या खेपेला सगळ्या गावाचा जीव तिच्या पोटात अडकलेला.

आमच्याकडे पोटुशी बाईला कुणी थांबवत नाही. पंगतीला पाद्रीबाबा असोत, नाहीतर राजधानी पापीतेहून आलेला कुणी मोठा साहेब असो, पहिला घास तिचा. तिचे डोहाळे अडवले तर पोराच्या अंगावर डाग उठतो, असं म्हाताऱ्या सांगतात, आणि म्हाताऱ्यांशी वाद घालायची आमच्यात कुणाची छाती नाही. बांधकामावरचा फ्रेंच मुकादम बोनाफू एका रविवारी तेमाउरीच्या घरी जेवायला आला होता. बिचाऱ्यानं हिनावाईच्या आधी पावाला हात घातला. तेमाउरीची थोरली बहीण रोई तिथंच होती. तिनं त्याच्या हातावर लाकडी डाव हाणला.

"उपाशी मरत नाहीस," रोई त्याला म्हणाली. "आधी पोरगी."

बोनाफूला शब्द कळले नाहीत, पण डाव कळला. तेव्हापासून तो रोईला 'जनरल' म्हणायचा.

आता हे बांधकाम कसलं, ते सांगतो. तेमाउरी मूळचा होड्या बांधणारा. पुढं घरं बांधायला लागला, प्रवाळ भाजून चुना करायला शिकला, आणि तौरेकाच्या चर्चचं छप्पर चढलं ते त्याच्याच हातानं. मग अणुबॉम्ब फोडून बघायला फ्रेंच आले, त्यांची बांधकाम कंपनी आली, आणि सगळ्या बेटांवरून हातात कसब असलेली माणसं मोरुरोआला गेली. तिथं तेमाउरीला भिंती बांधायला लावल्या. एक भिंत इथं, दुसरी तिच्यामागं बरीच लांब, तिसरी आणखी लांब. एक जाड, एक पातळ, एकीला दार, एकीला खिडकी.

"राहणार कोण इथं?" त्यानं बोनाफूला विचारलं होतं.

"कुणी नाही."

"मग खिडकी कशाला?"

"फुटते का बघायला."

तेमाउरीला वाटलं, साहेब थट्टा करतोय. तरी त्यानं खिडकीची चौकट रंधा मारून नीट बसवली, कारण वाकडी चौकट त्याच्यानं बघवत नसे. मग सगळ्यांना जहाजावर चढवून दूर समुद्रात नेलं, डोळ्यांवर हात धरायला लावले. परत आले तेव्हा जवळची भिंत नव्हतीच. पडलेली नव्हती, नव्हतीच. मधल्या भिंतीची खिडकी गेली होती. लांबच्या भिंतीवर फक्त काजळी. साहेब लोक खुशीत येऊन मोजमापं घेत होते, आणि तेमाउरी चौकटीच्या भोकाकडे बघत उभा होता. जन्मभर त्यानं राहायला बांधलं होतं, मोडायला म्हणून कधी बांधलं नव्हतं. त्याचा त्याला राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

म्हणून कंपनीनं जेव्हा त्याला तौरेकावर पाठवलं, तेव्हा तो जवळजवळ पळतच सुटला. आमच्या बेटाच्या पश्चिम टोकाला त्यांना एक ठाणं हवं होतं. हातभर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, एकच लोखंडी दार, आणि मोरुरोआच्या दिशेला एक चिंचोळी फट, तिच्यामागं मोजणीची यंत्रं बसायची. मोडायला नव्हे, टिकायला बांधायचं. शिवाय घर जवळ, लेक जवळ. जावई मोरुरोआलाच कुठल्याशा जहाजावर कामाला होता, तेव्हा हिनावाईकडे बघायला बाप असलेला बरा.

आणि आता हा टकटक करणारा डबा.

त्याच संध्याकाळी त्यानं चर्चच्या ओट्यावर माणसं जमवली आणि सांगून टाकलं, की तळ्यातल्या माशात विष आहे.

गावचा मुखिया तागी त्याच्या बरोबरीचा, लहानपणापासून एका होडीतला. त्यानं आधी नाक खाजवलं.

"कुठल्या माशात?"

"सगळ्याच."

"सगळ्याच माशात कधी विष असतं का रे? आपण काय काल जन्मलो? विषारी मासा आपल्याला कळतो. त्याच्यावर माशी बसत नाही. मी आज सकाळी हेकरू धरला, डोळा लख्ख, कल्ला लाल, माश्या घोंघावतायत."

"मी मांजरीला घातला," रोई म्हणाली. "ती तिकडं पिल्लं पाजत पडलीय. तिला जाऊन सांग विष आहे म्हणून."

लोक हसले. तेमाउरीही कसनुसा हसला.

"हे तसलं विष नाही, अक्का. दिसत नाही, वास येत नाही."

"मग तुला कसं दिसलं?"

त्याला स्वतःला तरी कुठं पटलं होतं. क्षितिजापलीकडे काहीतरी फुटतं आणि इथल्या तळ्यातला मासा नासतो, हे डोक्यात शिरणारं नव्हतंच. पण त्यानं ती नसलेली भिंत पाहिली होती, आणि अधिकाऱ्याची ती हनुवटी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. लोक घरोघर गेले. कुठल्यातरी घरातून मासा भाजल्याचा वास आला.

रात्रभर तळमळल्यावर त्याला तोड सुचली, आणि सुचली तेव्हा त्याला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. विष म्हटलं की लोक हसतात ना? मग राहुई घालू.

राहुई घातली की तळं बंद. झावळीची गाठ मारून ती उंच खांबाला बांधायची, सगळ्यांना दिसेल अशी. ती वर आहे तोवर तळ्यात गळ नाही, जाळं नाही, शिंपल्याला हात नाही. का म्हणून विचारायचं नाही. ज्या घराण्याचा मान असतो त्यानं बांधायची, आणि ज्यानं बांधली त्यानंच उतरवायची. तौरेकावर हा मान तेमाउरीच्या घराण्याचा. त्याच्या बापानं घातलेली राहुई मोडून एकानं चोरून मासा धरला होता, तर सख्ख्या आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

आणि उतरली, की मग सण. सगळ्या होड्या पाण्यात. मधल्या काळात मासा वाढलेला, माजलेला, भोळा झालेला. पहिला मोठा मासा राहुई घालणाऱ्यापुढं ठेवायचा, आणि त्यानं खाल्ल्याशिवाय पंगतीत कुणी तोंड उष्टं करायचं नाही.

राहुईचा जुना खांब धक्क्यावर असायचा. पण सिमेंटचे तराफे लागावेत म्हणून कंपनीनं तो कधीच उपटला होता. मग उंच असं काय उरलं? ठाण्याच्या छपराचं ओतकाम नुकतंच सुरू झालं होतं, आणि त्याला चहूबाजूंनी बल्ल्यांचे टेकू दिलेले होते. कोपऱ्यातली एक बल्ली छपराच्या वर हातभर, दोन हात निघालेली. तेमाउरी पहाटेच वर चढला आणि त्यानं झावळी त्या बल्लीला बांधली. उजाडल्यावर तळ्याच्या पलीकडून, गावातून, ती सगळ्यांना दिसली.

कुणी एक शब्द विचारला नाही. होड्या वाळूवर ओढल्या गेल्या. तागीनं जाळी गुंडाळून छपराला टांगली. ज्या रोईनं कालच त्याची चेष्टा केली होती, तिनं मांजरीच्या पुढ्यातलं माशाचं डोकंसुद्धा उचलून पुरून टाकलं. बाहेरच्या समुद्रात जाणं कठीण आणि धोक्याचं. पण माणसं गेली, मिळेल ते आणलं, नाही मिळालं तर डब्यातलं मांस खाल्लं आणि तक्रार केली नाही. बोनाफू तर चकितच झाला. आम्हा फ्रेंचांच्या सूचनांच्या पाट्या मोरुरोआवर कुणी वाचत नाही, आणि तू एका पानावर गाव गप्प केलंस, असं म्हणून त्यानं तेमाउरीला सिगारेट दिली. तेमाउरीला चार दिवस फार बरं वाटलं.

मग तळ्यात मासा दिसायला लागला.

कुणी धरत नाही म्हटल्यावर तो किनाऱ्यापर्यंत यायला लागला. तांबोशीच्या झुंडी गुडघाभर पाण्यात. रोई पाण्याकाठी बसायची आणि त्यांना शिव्या द्यायची.

"माज, माज. झावळी उतरू दे, मग बघते तुझ्याकडे." आणि भावाकडे वळून, "काय रे, या खेपेला लांबवतोयस. बाबांनीसुद्धा एवढी लांबवली नव्हती."

"असू दे अजून," तेमाउरी म्हणायचा.

"असू दे तर असू दे. जितकी लांबेल तितका मासा मोठा."

राहुई म्हणजे आज नको, उद्या भरपूर. आपण लोकांना नको म्हणायला गेलो आणि उद्याचं वचन देऊन बसलो, हे त्याला हळूहळू उमगत होतं. गावानं मासे भाजायच्या भट्टीसाठी दगड गोळा केले. कुणी लिंबं राखून ठेवली. आणि हिनावाईला डोहाळे लागले ते नेमके हेकरूचे, कच्च्या हेकरूचे, लिंबू पिळून नारळाच्या दुधातल्या.

"बाबा, कधी हो उतरवणार?"

"उतरवू."

"मी बाळंत व्हायच्या आत?"

"बघू."

"बघू काय? पोराच्या अंगावर हेकरू उठला तर तुम्हाला जबाबदार धरीन."

ती हसत होती. वर्षभर न हसलेली पोर हसत होती, आणि तेमाउरी मान फिरवून करवतीला धार लावत बसला. अधिकाऱ्याला विचारा, असं त्यानं बोनाफूला दोनदा सांगितलं. जहाज लांब गेलंय, आलं की विचारू, असं बोनाफू म्हणाला. मनात यायचं की सरळ ओट्यावर उभं राहून सांगावं, बाबांनो, ही उतरायची नाही. पण मग पुन्हा हसतील, पुन्हा मांजर दाखवतील, आणि दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. वर झावळी आहे तोवर पोर सुरक्षित आहे, एवढंच तो स्वतःला बजावायचा.

एका सकाळी बोनाफू धावतपळत आला. यंत्रं घेऊन तराफा दोन दिवसांत येणार, ठाणं रिकामं पाहिजे, दार बसलेलं पाहिजे, टेकू निघालेले पाहिजेत.

"छप्पर अजून कच्चं आहे, साहेब," तेमाउरी म्हणाला. "आणखी आठ दिवस द्या."

"आठ दिवस नाहीत माझ्याकडे."

"मग बाहेरचे काढतो. आतले मधले राहू देत. नाहीतर छप्पर बसेल आणि मला नावं ठेवाल."

दोघांची बरीच हुज्जत झाली. शेवटी आतले दोन टेकू ठेवायचे, बाकी सगळे काढायचे असं ठरलं. तेमाउरीचं सगळं लक्ष त्या काँक्रीटवर. वजन कुठं येईल, तडा कुठून जाईल, हेच डोक्यात. त्यानं पुनुआला हाक मारली. पुनुआ गावातलाच, बांधकामावर त्याच्या हाताखालचा.

"बाहेरच्या बल्ल्या काढायला घे."

पुनुआनं वर पाहिलं. मग तेमाउरीकडे पाहिलं.

"सगळ्या, मिस्त्री?"

"सगळ्या."

"ती कोपऱ्यातलीसुद्धा?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. ती काय तुझ्या लग्नाला ठेवायचीय?"

पुनुआचा चेहरा असा उजळला, की तेमाउरीला क्षणभर नवल वाटलं. कामाला एवढा खूष होणारा हा गडी नव्हे. पण लोखंडी दार आत वाट बघत होतं. तो आत गेला. हातभर जाडीच्या भिंती, एक फट, बाहेर कुणी बोंबललं तरी ऐकू येऊ नये अशी जागा. बिजागरी बसेना, एक कड घासायला लागली, मग दुसरी. घामानं डोळे चुरचुरत होते. दार एकदाचं विनातक्रार फिरलं तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि तो कमरेवर हात ठेवून बाहेर दुपारच्या उन्हात आला.

बाहेर कुणी नव्हतं. बल्ल्या ओळीनं रचून ठेवल्या होत्या. एका सपाट दगडावर झावळी ठेवली होती, गाठ न सोडता, जपून, देवाची वस्तू ठेवावी तशी.

तेमाउरीला आधी काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. ज्यानं बांधली त्यानंच उतरवायची, आणि त्यानंच तर सांगितलं होतं. तोंडानं सांगितलं होतं, वर थट्टाही केली होती.

त्यानं तळ्याकडे पाहिलं. पलीकडे, गावाच्या बाजूला, धूर वर चढत होता. भट्टी पेटलेली होती. मधल्या पाण्यात दोन होड्या घराकडे निघाल्या होत्या.

तो किनाऱ्यावर धावला आणि ओरडला, "टाका. परत टाका पाण्यात."

होडीतल्यांनी त्याला पाहिलं. एकानं उभं राहून कल्ल्यांत बोटं घालून एक मोठा तांबोशी उंच धरला, दुसरा वल्हं हलवून नाचला. ते निघून गेले.

इकडच्या बाजूला एकही होडी उरली नव्हती. कंपनीची मोटरबोटही नाही, बोनाफूलाही लोक घेऊन गेले असणार. मग उरला प्रवाळाचा खडक, बेटाच्या कडेकडेनं गावापर्यंत गेलेला, आणि भरती सुरू झालेली. तेमाउरी निघाला. कोरड्या खडकावरून तो धावला, मध्ये पाण्याच्या खिंडी आल्या त्यांत उतरला. पहिल्या खिंडीत पाणी मांडीपर्यंत होतं, पुढच्या खिंडीत छातीपर्यंत. खडकानं पाय सोलले. ओढीनं एकदा त्याला उचलून आपटलं, तेव्हा त्याच्या मनात आलं, की आपण इथंच बुडालो तर ते आपली वाट बघतील. आपण खाल्ल्याशिवाय कुणी खाणार नाही. हा विचार त्याला एवढा धीर देऊन गेला, की तो पुन्हा उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "थांबा रे. आपली रीत पाळा. थांबा."

गावात शिरला तेव्हा त्याच्या नडग्यांतून रक्त वाहत होतं. चर्चपुढच्या अंगणात चटया टाकल्या होत्या. पानांवर मासे मांडले होते, भाजलेले, कच्चे, लिंबातले, आणि सगळं गाव हात मांडीवर ठेवून बसलं होतं. मधोमध त्याची रिकामी जागा, आणि तिच्यापुढं एवढा मोठा हेकरू, की तसा कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. बोनाफू टोपी गुडघ्यावर ठेवून शेवटच्या चटईवर बसला होता.

"आला," तागी म्हणाला. "मेल्या, किती वाट बघायची? पोरं रडायला लागली इथं."

"कुणी खाल्लं?" तेमाउरीला दम लागला होता. "कुणी खाल्लं का?"

तागीचा चेहराच पडला. "काय बोलतोस? तुझ्याआधी कोण खाईल? आम्ही काय रानटी आहोत?"

"मलासुद्धा जनरलनं हात लावू दिला नाही," बोनाफू मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला.

तेमाउरी आपल्या जागेवर बसला नाही, तिच्या शेजारी वाळूतच बसला, आणि त्याला हसूही यायला लागलं आणि रडूही. श्वास जरा नीट आला तेव्हा त्यानं सांगून टाकलं. राहुई मी सोडलेली नाही. मी बल्ली काढायला सांगितली, माझ्या डोक्यात छप्पर होतं. आणि ती राहुई मासा वाढावा म्हणून नव्हतीच. तळं आपलं राहिलेलं नाही. कधी परत मिळेल ते मला माहीत नाही, सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

"मग राहुई का म्हणालास?" तागीनं विचारलं. "देवाच्या दारात खोटी राहुई घातलीस?"

"तुम्ही दुसरं काही ऐकतच नव्हतात."

तागीनं त्या हेकरूकडे पाहिलं. तो उठला, दोन्ही हातांनी मासा उचलला आणि भट्टीच्या खड्ड्यात टाकला. मग एकेक माणूस उठला. पोरांच्या पुढची पानं आयांनी उचलली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर तेमाउरीला सोपं गेलं असतं. पण खड्डा भरत गेला, वर वाळू पडली, आणि तो मनाशी म्हणाला, अब्रू गेली तर गेली, वेळेवर पोचलो.

मग तो नजरेनं मुलीला शोधायला लागला.

"अक्का, हिनावाई कुठाय?"

"घरात. झोपलीय." रोई उभी होती, हातात तोच लाकडी डाव. आणि बोलता बोलताच तिचा चेहरा बदलत गेला. "पहिली होडी लागली ना सकाळी, तेव्हाच तिला... हेकरू होता, लहानसा. लिंबू पिळून दिला मी." तिनं भावाकडे पाहिलं. "पोटुशीला कुणी थांबवतं का रे?"

तेमाउरी घराकडे गेला. कुणी त्याच्यामागं आलं नाही.

हिनावाई चटईवर कुशीवर झोपली होती, एक हात पोटाखाली. शेजारी पान होतं, त्यावर काटे नीट एका बाजूला काढून ठेवलेले. तो दारातच बसला. तिनं डोळे उघडले, बापाला पाहिलं आणि झोपेतच हसली.

"इतके दिवस अडवलंत," ती म्हणाली. "पण काय गोड होता, बाबा. पोरगं आत नुसतं नाचतंय." मग काहीतरी आठवून तिनं उशाचं लहान पान पुढं सरकवलं. "हे तुमच्यासाठी ठेवलंय. गालाचं मांस. तुम्हाला आवडतं ना."

त्या पानावर दोन पांढरे तुकडे होते. तेमाउरीनं ते घेतले आणि तिच्यासमोर खाल्ले. ती पुन्हा झोपेपर्यंत तो तिच्या उशाशी बसून राहिला.

मुलगी झाली. ठणठणीत ओरडली, हातपाय झाडले. सगळं गाव नाचलं, आणि आजा एकटा दिव्याजवळ तिची बोटं, कान, पाठीचा कणा तपासत राहिला. दिसायला सगळं नीट होतं. तिचं नाव तेपोए ठेवलं.

तो अधिकारी परत आला नाही. त्याच्या जागी दुसरा आला, त्याला तळ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. तेमाउरीनं ठाण्याच्या छपरावर, काँक्रीटमधून वर आलेल्या सळीला नवी झावळी बांधली, आणि जुनी वाळली की नवी, असं मरेपर्यंत केलं. लोकांनी ती कधी पाळली, कधी नाही पाळली. पुढं मोरुरोआहून परतलेल्या माणसांच्या बोलण्यात यायला लागलं, की अमक्याच्या बायकोचा गळा सुजला, तमक्याच्या पोरीच्या गळ्यात गाठ निघाली. तेव्हापासून रोज सकाळी उठल्याउठल्या तेमाउरी नातीला जवळ घ्यायचा, दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवायचा, हळूच वरून खाली, मग दुसऱ्या बाजूला, आणि कपाळाचा मुका घेऊन सोडून द्यायचा. ती मोठी झाली, लग्न झालं, तरी भेटली की आधी गळा.

तेमाउरी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तेपोएला तीन मुलं आहेत. सकाळी ती प्रत्येकाला जवळ घेते, दोन बोटं गळ्यावरून वरून खाली फिरवते, आणि मग कपाळाचा मुका घेते. परवा कुणीतरी पाहुणी तिला म्हणाली, हे काय नवीन? तेपोए हसली.

"नवीन कुठलं," ती म्हणाली. "आमच्या घरात लाड असेच करतात."